दुसऱ्या डोळ्याची सही

१८ ऑगस्ट, सोमवार

इटलीत माणूस मिळत नाही! सकाळपासून अपेक्षाचा हाच घोष. चहावर साय धरली, पोहे वाळले, पोरगी लॅपटॉपपुढून उठली नाही.

नात माझी. तेवीस पूर्ण. यवतमाळच्या या मधल्या खोलीत बसून पुण्याच्या एका भाषांतर कंपनीसाठी देशोदेशीचे भाषांतरकार शोधून काढते. चार वर्षं मोबाईलवर स्पॅनिश शिकली — एकटीच, गच्चीवर येरझारा घालत. शेजारच्या शकुबाईला वाटलं पोरीला बाहेरचं काही लागलं! लिंबू उतरवायला आली होती. एप्रिलमध्ये नोकरी लागली. सहा महिने परीक्षेचे. सप्टेंबर सरताना ठेवायची की घरी बसवायची ते ठरणार, आणि ते ठरणार या एका कामावर.

काम असं. स्पेनचा एक कारखाना मोजायची यंत्रं बनवतो — तराजू, दाबमापक, तापमापक. त्यांची माहितीपुस्तकं इटलीत विकायला न्यायची, म्हणून स्पॅनिशची इटालियन करायची.

"दोन्ही भाषा येणारे ढीगभर आहेत आबाजी. मापातलं समजणारा एक सापडून नाही राह्यला."

"मापातलं मले विचार ना!"

"तुमचं माप आर्णी रोडच्या किराणा दुकानातलं."

खरं आहे. वजनमापे निरीक्षक होतो. चौतीस वर्षं तराजू तपासत दुकानोदुकानी हिंडलो. निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली. आता घरात माझं कोणी वजन विचारत नाही, एक डॉक्टर सोडला तर.

२० ऑगस्ट, बुधवार

आजचे उमेदवार. जेवताना अपेक्षाने एकेकाची नक्कल करून दाखवली.

एक नुसत्या कादंबऱ्या करणारा. तराजूची अचूकता कशी सांगाल, विचारलं तर त्याने विश्वासावर दीड पान लिहून पाठवलं. (मला आवडला असता!) दुसरा म्हणे, या दोन भाषा सारख्याच, संध्याकाळपर्यंत करून टाकतो. त्याला तिने तिथेच काट मारली. तिसरी बाई खरी जाणती, मोजमापाच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं काम केलेली. पण तिला सवड नोव्हेंबरात.

"सारख्या आहेत तर सोपं नाही का मग?" मी विचारलं.

"उलटं आहे आबाजी. लांबची भाषा असली की माणूस सांभाळून पाय टाकते. जवळची असली की डोळे मिटून चालते. अन् तिथंच पडते."

बोलली मोठं! वहीत उतरवून ठेवतो.

आमच्या शाळेत हिवरकर गुरुजी होते. मी चौथीत असताना शेर-छटाक जाऊन किलो आले. सगळं गाव गोंधळलेलं. गुरुजींनी नव्या मापांचं गाणं रचलं. "शेरदादा घरी गेले, किलोमामा पाहुणे आले" — आम्ही ते ओरडत गल्लीतून फिरायचो. गुरुजींच्या कविता कोणत्या पुस्तकात नव्हत्या. फळ्यावर लिहायचे, तास संपला की पुसायचे. ज्याच्या डोक्यात राहिली त्याची. माझ्या डोक्यात एकूण एक राहिली. मापंही आणि कविताही त्या एकाच वर्गात लागल्या मला. पुढे नोकरी मापांची मिळाली. कविता तशाच खिशात.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा.

इंद्रजित राजूरहून आला. पोरगा माझा, अपेक्षाचा बाप. कोळशाच्या खाणीत आहे. पुरणपोळीचा पहिला घास पोटात जायच्या आत सुरू — "हे तुझं फोनवरचं काम म्हंजे काय कोळसा आहे का, हातात घेऊन दाखवायले? बी.एड.चा फॉर्म भर." अपेक्षाने ताट सरकवलं. लॅपटॉप त्याच्याकडे वळवला आणि म्हणाली, "बाबा, माणूस सापडला."

सापडला! इटलीतल्या तोरिनोचे एक निवृत्त गृहस्थ, वय एकोणसत्तर. बायको स्पेनची. जन्म तराजूच्या कारखान्यात गेला. नमुन्याचं पान त्यांनी असं केलं की कारखान्याच्या माणसाने शाबासकी धाडली. मला उगाच भरून आलं. तिकडेही एक म्हातारा आहे, तराजूवाला! त्यालाही शाळेतलं काही पाठ असेल.

३० ऑगस्ट, शनिवार

आनंद आठवडाभर टिकला. आता दुसरा माणूस पाहिजे.

त्यांच्या कंपनीचा नियम आहे. एकाने भाषांतर करायचं. दुसऱ्याने दोन्ही कागद शेजारी ठेवून ओळीला ओळ ताडून पाहायची आणि प्रमाणपत्रावर सही करायची, की मी पाहिलं आणि बरोबर आहे. मी त्याला दुसरा डोळा म्हणतो. इटलीच्या म्हाताऱ्यानेही स्वतःहून लिहिलंय : माझी नजर दुपारनंतर थकते, माझ्यामागून कोणीतरी पाहावं.

पण दुसरा डोळा आणायचा कुठून? एकच सापडता सापडता जीव गेला. पुण्याची मॅडम फोनवर. अपेक्षाने स्पीकर लावला होता, मीही ऐकलं. "अगं, कुणाचं तरी नाव टाक, फॉर्म भर. क्लायंट तो कागद उघडूनसुद्धा बघत नाही. सोमवारी गेलं पाहिजे. तुझ्या कन्फर्मेशनचं पत्र माझ्याच टेबलावर आहे, माहिताय ना?"

फोन ठेवून अपेक्षा म्हणाली, "मी नाही टाकत."

मान ताठ. अगदी तिच्या आजीसारखी, माझ्या नलूसारखी. नलू असती तर तिने काय सांगितलं असतं?

१ सप्टेंबर, सोमवार

मी सही केली.

असं झालं. पोरगी सकाळपासून रडून डोळे सुजवून बसली होती. अकरा भाषांतरकारांना लिहिलं, एकाचंही उत्तर नाही. तिला स्पॅनिश येते, इटालियन नाही. मग मीच म्हटलं, माझं नाव टाक.

"तुम्हाले ना स्पॅनिश येत, ना इटालियन!"

"वजनाला भाषा कुठं लागते? मापाचा माणूस तर आहो ना मी? खोटं काय त्यात?"

तिने फॉर्म उघडला. मग विचारलं, "सगळी पानं पाहसान?"

"एकूण एक पाहीन."

"सहीच्या आधी, का सही करून मग?"

मी हसलो. तिलाही हसू आलं. घड्याळात चार वाजायला आले होते, पाचला पाठवायचं होतं. तिने कागद छापून आणला. उकंडा तुळशीराम ढोके, निवृत्त वजनमापे निरीक्षक. सहीच्या शेजारी सवयीने 'सी' काढला. आमच्या शिक्क्यात तसंच असायचं — शिशाच्या बोळ्यावर निरीक्षकाचा नंबर, साल, आणि तिमाहीचं अक्षर. जुलै ते सप्टेंबर म्हणजे सी. अठरा वर्षांनी हात आपोआप वळला!

खूप बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

२ सप्टेंबर, मंगळवार

मॅडमचा निरोप : "ग्रेट जॉब." शकुबाईला पेढे दिले.

५ सप्टेंबर, शुक्रवार

शिक्षक दिन. बाजूच्या शाळेतून भाषणं ऐकू येत होती. गुरुजींची आठवण आली. त्यांची एक ओळ आहे, तिच्याइतकी गोड मी दुसरीकडे वाचली नाही —

फांदीवरती झोळी टांगली, झोळीत निजले रान
हळूच ये रे पाखरा, जड होईल गान

काय लिहून गेले! हवेला धक्का लागू नये असं.

दुपारी छापलेली पानं घेऊन बसलो. पोरीला शब्द दिला होता. पाहण्यासारखं काय, अक्षर कळत नाही. चित्रं पाहिली, आकडे ताडले. पहिल्या तीन पुस्तकांत आकड्याला आकडा जुळला. इटलीच्या म्हाताऱ्याचं काम स्वच्छ आहे.

चौथं पुस्तक उघडलं.

घरोघर जाऊन बाळंतपणं करणाऱ्या सुइणींसाठी बनवलेला तराजू. वर टांगायचा लोखंडी आकडा. खाली झोळी. झोळीत बाळ.

वही मिटतो.

६ सप्टेंबर, शनिवार

तीनदा मोजलं. बोटं ठेवून मोजलं.

तराजू कसा वापरायचा त्याची नऊ चित्रं आहेत. स्पॅनिश पानावर चित्रांखाली नऊ सूचना, एक ते नऊ. इटालियन पानावर चित्रं नऊच, सूचना आठ.

गळालेली चौथी. चित्र चार — झोळी रिकामी टांगलेली, बटणावर बोट, तबकडीवर शून्य. म्हणजे बाळ ठेवायच्या आधी रिकाम्या झोळीनिशी काटा शून्यावर आणा. नाही आणला तर झोळीचं वजन बाळाच्या नावावर जातं.

सगळं सोडून हेच गळावं! तीन आणि चार चित्रं दिसायला सारखीच आहेत. म्हाताऱ्याची थकलेली नजर घसरली असेल. म्हणूनच तर त्याने दुसरा डोळा मागितला होता. दुसरा डोळा मी.

७ सप्टेंबर, रविवार

सांगितलं नाही. अपेक्षा नव्या कामात गुंग आहे, गुणगुणते आहे. अजून कागदच आहे, छापायला गेला नसेल. कोणीतरी पाहीलच. चित्र तर आहे ना.

चित्र आहे! हे मी लिहिलं? मी?

८ सप्टेंबर, सोमवार

सांगितलं.

आधी तिला कळेचना. मग दोन्ही पानं शेजारी ठेवली. माझ्यासारखंच बोट ठेवून तिने मोजलं. पांढरी पडली.

"हे तुम्ही कधी पाह्यलं?"

"परवा."

"परवा! अन् आज सांगून राह्यले?"

मी पानं सरळ करू लागलो.

"मी नाही म्हटलं होतं आबाजी. मी नाहीच म्हटलं होतं! तुम्हीच म्हटलं, वजनाला भाषा लागत नाही. आता मॅडमले काय सांगू? ज्याने सही केली त्याले दोन्हीपैकी एकही भाषा येत नाही म्हणून? अक्षर-अक्षर लावून वाचलं म्हणे त्या कागदावर! मी काढलेला तो कागद!"

खरं सांगितलं तर नोकरी गेली. नुसती चूक दुरुस्त करून पाठवावी, सहीचं बोलूच नये, असं मी सुचवून पाहिलं. तिने विचारलं, "अन् बाकीच्या तीन पुस्तकांत शब्दांच्या चुका असतील तर? त्या आकड्यांत दिसतीन का तुम्हाले?"

ती आतल्या खोलीत गेली, दार लावलं. मी तुळशीपाशी बसून राहिलो. शकुबाई भिंतीवरून विचारते, "काहून जी, पोरगी काहून रडून राह्यली? पेढे खाल्ले ना आम्ही!"

१० सप्टेंबर, बुधवार

दोन दिवस अबोला. आज मी तिला बोलावून बसवलं. चौतीस वर्षं नलूलाही सांगितली नाही ती गोष्ट सांगितली. इथेही कधी लिहिली नाही. लिहितो.

सन एक्याण्णव, ऑगस्ट. पांढरकवड्याच्या पलीकडे जंगलाला लागून एका गावी तपासणीचं शिबिर लावलं होतं. आजूबाजूच्या पोडांवरून, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांवरून, अंगणवाडीच्या बायका आपापले तराजू घेऊन आल्या. घड्याळासारखी तबकडी, खाली आकडा, त्याला झोळी अडकवून बाळ तोलायचं. बत्तीस तराजू होते. मी मोहाच्या झाडाखाली टेबल मांडून बसलो. लोखंडी वजनं टांगून प्रत्येक तपासला आणि शिक्के मारले.

शेवटच्यापैकी एक मानीबाईचा. विशी-बाविशीची पोर, तिच्या पोडावरची अंगणवाडी चालवायची. तिने तराजू झोळीसकट आणला होता. सरकारी पातळ झोळी नव्हे. जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून शिवलेली, वाकळेसारखी जाड. बाळांना हिव वाजू नये म्हणून! ती तशी फांदीला टांगून ठेवली तिने. वारा होता. झोळी हलत होती. मला गुरुजींची ओळ आठवली. मी म्हटली, मोठ्याने. दोनदा म्हटली. मानीबाई जवळ उभी राहून काहीतरी बोलत होती, तिलाही कौतुक वाटलं असावं. मी शिक्का ठोकला. एक्याण्णव, सी.

एवढंच सांगायचं होतं तिला, की बाई, झोळी जड आहे, रिकामी टांगून आधी काटा शून्यावर आण. नियमात नव्हतं. नियम नुसत्या तराजूचा. पण मला माहीत होतं! कवितेत होतो, राहून गेलं.

नोव्हेंबरात तिच्या पोडावरची दीड वर्षाची पोरगी गेली. रेणू नाव. मानीबाईच्या वहीत तिचं वजन कमी होतं, पण धोक्याच्या रेषेच्या जरा वर. म्हणून दवाखान्यात धाडलं नव्हतं. शेवटच्या दिवशी नेलं तेव्हा तिथल्या काट्यावर चारशे ग्रॅम कमी भरली. चौकशी झाली. बाईने खोटी वजनं लिहिली, असं ठरत होतं. मला विचारणा आली : तराजू तपासला होता काय? मी एक ओळ लिहिली — "तपासून शिक्का मारलेला असून तराजू बरोबर आहे."

मानीबाईला काढलं.

झोळीने केलं ते. मायेने जड केलेली झोळी, तिच्या वजनाने पोरीची भूक झाकली गेली. हे मला त्याच दिवशी उमगलं होतं, पण ओळ लिहून गेली होती. मी थोरल्या घरचा नव्हे. तीन भावंडं पाळण्यात गेली म्हणून मला आईने उकिरड्यावर टाकून उचललं, उकंडा नाव ठेवलं, की यमाची नजर लागू नये. असा मी. आणि मी ती ओळ लिहिली.

अपेक्षा ऐकत होती. शेवटी एकच विचारलं, "आबाजी, ती झोळी तुम्ही कधी तोलून पाह्यली का?"

"नाही."

"मग झोळीनंच झालं हे कशावरून?"

दुसरं काय असणार!

११ सप्टेंबर, गुरुवार

तिने मॅडमला पत्र पाठवलं. मराठीत आधी मला वाचून दाखवलं. सही कोणाची, त्याला काय येतं, काय येत नाही, चौथी सूचना, सगळं. माझ्यावर काही ढकललं नाही. "मी फॉर्म भरला" असं लिहिलं. मी म्हटलं, सहीची कल्पना माझी होती, तेही घाल. तर म्हणते, "तुमच्यावेळी मानीबाईनं गुपचूप सोसलं असेल, तसं मी नाही करत. पण तुम्ही दुसऱ्यावर जाऊ दिलं, तेही नाही करत."

ऐकून घेतलं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

बत्तीस तराजू, एका दुपारी. अकराला बसलो, पाचची एसटी पकडली. मध्ये जेवण. प्रत्येकी पाच वजनं टांगायची, काढायची, लिहायचं, शिसं भरायचं, ठोकायचं.

हा भागाकार करू नये.

१५ सप्टेंबर, सोमवार

उत्तर आलं. तीस तारखेनंतर कामाची गरज नाही. खाली एक ओळ : "प्रामाणिकपणाबद्दल आभार, पण तू मला अडचणीत टाकलंस."

पुस्तकं मात्र छापायची थांबवली आहेत. ती प्रयोगशाळेतली बाई नोव्हेंबरात चारही तपासणार. कारखाना थांबायला तयार झाला. थांबता येत होतं तर!

इटलीच्या म्हाताऱ्याचं वेगळं पत्र आलं, अपेक्षाने इंग्रजीतून समजावलं. चूक माझी, मान खाली घालतो. ज्याने भाषा न येता सूचना मोजल्या, त्या गृहस्थांना नमस्कार सांगा. मला वाटलं सांगावं त्याला — बाबा, नमस्कार नको. आधी सही केली, मग मोजलं.

इंद्रजितचा फोन. मला वाटलं आता बी.एड.! तर म्हणतो, "खाणीत आमच्या पाळीवरच्या सरदारानं वायू न तपासता 'ठीक आहे' लिहिलं ना आबाजी, तर तो आमच्यासाठी मेला. पोरीनं बरोबर केलं. तिले सांगा." मी म्हटलं, तूच सांग. "मले नाही जमत," म्हणाला आणि ठेवला.

१७ सप्टेंबर, बुधवार

पत्र लिहिलं. वरच्या कार्यालयाला एक प्रत, मानीबाईला एक. "सन १९९१ मध्ये मी दिलेला अभिप्राय अपुरा होता. झोळीच्या वजनाबाबत सूचना देणे माझे कर्तव्य होते, ते मी केले नाही. सौ. मानीबाई यांनी खोटी वजने लिहिली नव्हती." चार वेळा फाडलं. "अपुरा" शब्दावर अपेक्षाने बोट ठेवलं. मी तोच ठेवला.

मानीबाई आहे का तरी? पांढरकवड्याला पूनमसिंग म्हणून आमच्या खात्याचा जुना शिपाई आहे, त्याला फोन केला. म्हणाला, विचारून सांगतो.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आहे. त्याच पोडावर. पूनमसिंग जाऊनच आला बिचारा मोटरसायकलवर. "बाई लय कडक आहे साहेब. म्हणे, कोन्ता साहेब? मी म्हटलं शिक्केवाला. तर म्हणे, कविता म्हनते तो? येऊ द्या."

तिने तराजू ठेवला आहे म्हणे. काढलं तेव्हा वही नेली, सतरंजी नेली, भांडी नेली. तराजू कोणी मागितलाच नाही. शिक्का मारलेला, बरोबर असलेला, म्हणून कोणाला संशय नव्हता. पोत्यात बांधून आढ्याला लावला तेव्हापासून.

मला कवितेवरून ओळखते! चौतीस वर्षांनी! मन कसं हललं ते काय लिहू.

२० सप्टेंबर, शनिवार

उद्या निघायचं. पांढरकवड्यापर्यंत एसटी, पुढे पूनमसिंगचा पुतण्या ऑटो आणणार. अपेक्षा येते म्हणाली. "तुमची सही पाह्यली, आता तुमचा शिक्का पाहू." बोचलं. पण येते आहे.

काय नेऊ? साडी न्यावी वाटली, नको वाटली. पत्र पाकिटात घातलं. पाचशे ग्रॅमचं माझं जुनं पितळी वजन खिशात टाकलं, झोळी तोलून दाखवता येईल. तिला दिसेल की तिची चूक नव्हती, झोळीची होती, आणि झोळीबद्दल न सांगणाऱ्या माझी. तिच्या मनावरचा भार उतरेल. माझाही थोडा.

झोळी अजून असेल का? रंग उडाले असतील.

२१ सप्टेंबर, रविवार

मानीबाईने पोतं सोडलं, तराजू दाराच्या आढ्याला टांगला. शिसं शाबूत. एक्याण्णव, सी. झोळी कुठाय विचारायला मी तोंड उघडलं, तोवर अपेक्षाने माझा हात धरला आणि तबकडीकडे दाखवलं. काही टांगलेलं नव्हतं. काटा चारशेवर.

मी म्हटलं, एवढ्या वर्षांत स्प्रिंग उतरली असेल.

मानीबाई म्हणाली, "नाही साहेब. तवाही असाच होता. झाडाखाली मी तेच सांगून राह्यली होती, हा रिकामाच चारशे दाखवते म्हणून. दोनदा सांगतलं. तुमी गाणं म्हणून राह्यले होते."